आठ सुतांचा पाठ

जुन्या सायकलची दुरुस्ती आणि जुन्या ग्रंथाचे संपादन या दोन कामांत मला आता फारसे अंतर दिसत नाही. हे मत ग्रंथालयात बनलेले नाही. वर्ध्यातल्या सायकल दुरुस्तीच्या एका दुकानापुढील बाकावर बनले.

वडिलांची काळी दांडीची सायकल पुन्हा वापरात आणायचे ठरवले तेव्हा तिची सीट बसताक्षणी खाली सरकत असे. सीटला आधार देणारी उभी नळी, जिला दुकानदार ‘सीट पिलर’ म्हणतात, बदलणे भाग होते. महाविद्यालयातील पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्याकडून व्हर्निअर कॅलिपर मागून आणला. जुना पिलर 25.0 मिलिमीटर भरला. फ्रेमच्या नळीचे तोंड मोजले, तेही 25.0. दोन साक्षी जुळल्या म्हणून त्याच मापाचा नवा पिलर आणला. तोही सरकू लागला.

अखेर एका वृद्ध कारागिरासमोर सायकल उभी केली. त्यांनी नळीत बोट घालून पाहिले आणि म्हणाले, “तोंड दबलं आहे सर. बाहेरून नऊ सूत आहे, म्हणजे अंदर आठ पाहिजे ना जी.”

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. नऊ सूत म्हणजे 28.6 मिलिमीटर, आठ सूत म्हणजे 25.4, उरलेले एक सूत दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या जाडीत अर्धे-अर्धे जाते. मी ज्याला पुरावा मानले, तो चुकीचाच परिणाम होता. पूर्वी कधीतरी कोणीतरी बारीक पिलर बसवला. तो धरेना म्हणून बोल्ट वाजवीपेक्षा जास्त आवळला. चिरलेले तोंड आत दबले आणि त्या बारीक पिलरच्या मापाचे झाले. पुढे मोजणाऱ्याला दोन्ही मापे जुळलेली दिसणारच!

पाठचिकित्सा शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांनी इथे थांबायला हवे. दोन प्रती एकच पाठ देतात म्हणून तो पाठ सिद्ध होत नाही. दुसरी पहिलीवरून उतरलेली असू शकते. परीक्षेच्या मार्गदर्शिकांतून एखादे अशुद्ध चरण वर्षानुवर्षे छापले जाते, विद्यार्थी ते पाठ करतो, पुढे शिक्षक होतो आणि मूळ शब्द समोर आला की त्यालाच मुद्रणदोष ठरवतो. चुकीचा पाठ नुसता टिकत नाही, तो आपल्या मापाने वाचकाला वाकवतो. एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे इ.स. 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. अपपाठ रूढ झाला म्हणून तो प्रमाण होत नाही, हाच त्या कामाचा आधार होता.

कोणी म्हणेल, 0.4 मिलिमीटरसाठी एवढा खटाटोप कशाला? डब्याच्या पत्र्याची पट्टी गुंडाळली की काम भागते. काही दिवस भागतेही. पण तोकड्या पट्टीमुळे सगळा भार तोंडाजवळच्या थोड्या जागेवर येतो, आणि तिथे तडा गेला तर पिलर नव्हे, फ्रेम जाते. योग्य जाडीचे पूर्ण लांबीचे अस्तर घालणे वेगळे. तो कारागिराचा विचारपूर्वक निर्णय असतो. संपादकही गळालेल्या अक्षरांच्या जागी तर्काने भर घालतो, पण ती चौकटी कंसात दाखवतो. पट्टी घालणे हा दोष नाही, ती मूळचीच आहे असे भासवणे हा दोष आहे.

कारागिराने निमुळत्या लोखंडाने तोंड हळूहळू पूर्ववत केले, आतला गंज खरवडला, 25.4चा पिलर घेऊन त्याला ग्रीस लावले. हातोडी उचललीच नाही. पिलर हाताच्या दाबाने आत गेला आणि बोल्ट आवळण्यापूर्वीही डुगडुगला नाही. योग्य मापाची याहून साधी कसोटी नाही. बळ वापरावे लागले, तर माप चुकले.

वर्ध्यात सूत म्हटले की आपल्याला सेवाग्रामचा चरखा आठवतो. दुकानातले हे दुसरे सूत वर्गात क्वचितच येते. पुढच्या वर्षी पाठचिकित्सेच्या पहिल्या तासाला मी ती दोन्ही पिलर टेबलावर ठेवणार आहे.