गरज सरो, वैद्य मरो!

परदेशातून येणाऱ्या माणसाला आपल्या देशात घ्यावे की न घ्यावे, हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक स्वतंत्र राष्ट्राला आहे. तो आम्ही नाकारीत नाही. ज्या घराला दार नाही ते घर नव्हे, धर्मशाळा होय. परंतु ज्याने आपल्या हाताने दुसऱ्याला घराची किल्ली दिली, त्याला वर्षानुवर्षे राबवून घेतले आणि तो किल्ली घेऊन उंबरठ्याशी येताच रातोरात कुलूप बदलले, त्याने तरी ‘घर माझे आहे’ अशी फुशारकी मारू नये! ब्रिटनने नेमके हेच केले आहे, एकदा नव्हे, अनेकदा. स्थलांतराची गोष्ट निघाली की ‘जुना इतिहास आता पुरे’ असे म्हणणारे तेथे आजही आहेत. त्यांच्यापुढे ह्या इतिहासाचा जमाखर्च मांडलाच पाहिजे.

बेळगावकरांना हा जमाखर्च परका नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आमच्याच गावात आहे. दुसऱ्या महायुद्धात ह्या पलटणीचे जवान इटलीत जर्मन फौजांशी लढले. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात यशवंत घाडगे धारातीर्थी पडले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी नामदेव जाधव यांनी गोळ्यांच्या वर्षावात जखमी सोबत्यांना वाहून आणले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मरताना आणि मारताना त्यांचा दर्जा काय होता? ब्रिटिश प्रजाजन! त्या वेळी लंडनला त्यांच्या कातडीचा रंग खुपला नाही.

युद्ध संपले. मोडकळीस आलेल्या ब्रिटनला हात हवे होते. १९४८ साली पार्लमेंटने नागरिकत्वाचा कायदा केला आणि मायभूमी व वसाहती मिळून एकच नागरिकत्व निर्माण केले. त्याच वर्षी जून महिन्यात ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज वेस्ट इंडीजचे शेकडो उतारू घेऊन टिलबरी बंदराला लागले. ही माणसे चोरवाटेने आली नव्हती. आपल्या हक्काने आली होती. त्यांनी बसगाड्या चालविल्या, इस्पितळांत रुग्णांची शुश्रूषा केली. पण गरज जसजशी भागत गेली, तसतसा हक्काचा सूर बदलत गेला. १९६२ च्या कायद्याने राष्ट्रकुलातील बहुसंख्य लोकांवर परवान्याचे बंधन आले.

खरी परीक्षा पुढेच होती. पूर्व आफ्रिकेत मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग टाकण्यासाठी इंग्रजांनी १८९६ पासून हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास तेथेच मेले. मजुरांपाठोपाठ गुजराती व्यापारी गेले, गोवेकर कारकून गेले. साम्राज्याचा गाडा चालविणारी ही वस्ती साम्राज्याच्या छत्राखालीच वाढली. १२ डिसेंबर १९६३ रोजी केनया स्वतंत्र झाला, तेव्हा ह्यांपैकी हजारो लोकांनी ब्रिटिश नागरिकत्व कायम ठेवले. त्यांच्या हाती ब्रिटिश सरकारचे पारपत्र होते. ‘प्रसंग पडला तर आमचे दार तुम्हांस उघडे आहे’ एवढाच त्याचा अर्थ. केनयाच्या शासनाने १९६७ मध्ये बिगरनागरिकांच्या रोजगारावर निर्बंध आणले आणि प्रसंग पडला. लोक विमानांनी लंडनला येऊ लागले. मग लंडनने काय केले? १९६८ च्या फेब्रुवारीअखेर मजूर पक्षाच्या राजवटीत, जेम्स कॅलाहन गृहमंत्री असताना, अवघ्या तीन दिवसांत पार्लमेंटमधून नवा कायदा रेटून नेला. पारपत्र तेच, शिक्का तोच, नागरिकत्व तेच. मात्र बाप किंवा आजा ब्रिटनचा असेल तरच मुक्त प्रवेश! बाकीच्यांनी वर्षाला १,५०० परवान्यांच्या रांगेत तिष्ठत राहावे.

बाप किंवा आजा! ह्या दोन शब्दांत सारी मेख आहे. गोऱ्या वसाहतवाल्याचा आजा ब्रिटनमध्ये जन्मलेला असणार. लोहमार्ग टाकणाऱ्या पंजाबी मजुराच्या नातवाचा आजा कोठून असणार? आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही म्हण कायद्याच्या भाषेत लिहिली की १९६८ चा कायदा तयार होतो. हा केवळ आमचा रोष नव्हे. युरोपीय मानवाधिकार आयोगाने १९७३ मध्ये ह्याच प्रकरणात असा निष्कर्ष काढला की वंशावरून केलेला हा भेद म्हणजे माणसाला हीन लेखणारी वागणूक होय.

पण ‘ऐतिहासिक संबंधां’चा खरा तमाशा १ जानेवारी १९७३ रोजी झाला. १९७१ चा स्थलांतर कायदा त्या दिवशी अमलात आला आणि वाडवडिलांच्या जन्मस्थानाची कसोटी कायमची झाली. योगायोग असा की ब्रिटनने युरोपीय आर्थिक समुदायात प्रवेश केला तोही त्याच दिवशी. म्हणजे ज्या जर्मन सैनिकाने टायबरच्या खोऱ्यात मराठ्यांवर गोळ्या झाडल्या, त्याच्या मुलाला ब्रिटनमध्ये नोकरी धरण्याचा हक्क मिळाला. आणि ब्रिटनच्या बाजूने लढता लढता जो पडला, त्याचा मुलगा परका ठरला! जर्मनीशी समेट झाला ह्याचे आम्हांला दुःख नाही. शत्रूशी समेट करताना सोबत्याला विसरावे लागते काय, एवढेच आम्ही विचारतो.

गोव्याच्या वाचकांना ह्या तमाशाचा पुढचा अंकही ठाऊक आहे. १९६१ पूर्वी पोर्तुगीज राजवटीत जन्मलेल्या गोवेकरांना व त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व नोंदविता येऊ लागले. ते घेऊन अनेक गोवेकर लिस्बनच्या कागदावर थेट ब्रिटनमध्ये उतरले. स्विंडन गावात त्यांची मोठी वस्ती झाली. २०२० अखेर ब्रिटनने युरोपशी असलेला मुक्त संचार संपविला, तोपर्यंत ही वाट चालू होती. ज्यांच्यावर ब्रिटनने कधी राज्य केले नाही त्यांना लिस्बनमार्गे प्रवेश, आणि ज्यांच्यावर दीडशे वर्षे राज्य केले त्यांना मज्जाव! ह्याला धोरण म्हणावयाचे की पोरखेळ?

आणि जे आत आले होते, ते तरी सुखाने राहिले काय? २०१८ मध्ये उघडकीस आले की १९७३ पूर्वी, कित्येक तर लहानपणीच आलेल्या वेस्ट इंडियन लोकांना ‘कागद दाखवा’ म्हणून छळण्यात आले. कोणाची नोकरी गेली, कोणाचे औषधपाणी तुटले, कोणी कोठडीत पडले, कोणी देशाबाहेर फेकले गेले. आणि ज्या चिठ्ठ्यांवर त्यांच्या आगमनाची नोंद होती, त्या सरकारी खात्यानेच २०१० मध्ये नष्ट केल्या होत्या! गृहमंत्री अँबर रड यांना राजीनामा द्यावा लागला, भरपाईची योजना आली. वरातीमागून घोडे!

‘मग काय, जुन्या साम्राज्यातील कोट्यवधींना दार सताड उघडे करावे?’ असा प्रश्न येथे टाकला जाईल. आमचे उत्तर स्पष्ट आहे: नाही. आपण १९४७ साली स्वातंत्र्य घेतले, पुढे स्वतःचे नागरिकत्व घेतले. त्याबरोबर लंडनच्या दारावरचा आपला सर्वसाधारण नैतिक हक्क आपणच सोडला आणि मानाने सोडला. केवळ एके काळी गुलाम होतो म्हणून प्रवेश मागणे आम्हांला शोभत नाही. तसेच केवळ रक्ताच्या नात्याने प्रवेश देणे राज्यकर्त्यांना शोभत नाही, कारण तेथे इतिहासाच्या पडद्याआड रंग लपलेला असतो. परंतु ज्याला राज्याने वचन दिले, ज्याची सेवा राज्याने घेतली, ज्याला राज्याने स्वतः नेऊन परमुलखात वसविले, त्याचे नाते स्मरणरंजनाचे नाही. ते कर्जाचे आहे. कर्ज बुडविण्यासाठी कायदा करणाऱ्यास जगाच्या बाजारात एकच नाव आहे.

हे कर्ज फेडता येते, हेही ब्रिटननेच दाखविले आहे. गुरख्यांना वास्तव्याचा हक्क नाकारणाऱ्या शासनाचा २९ एप्रिल २००९ रोजी हाउस ऑफ कॉमन्समध्ये पराभव झाला, आणि मे महिन्यात चार वर्षे सेवा केलेल्या निवृत्त गुरख्यांना दार उघडावे लागले. हाँगकाँगच्या जुन्या ब्रिटिश पारपत्रधारकांना ३१ जानेवारी २०२१ पासून नवी वाट मिळाली. त्यामुळे ब्रिटन बुडाले नाही. आपल्याही देशाने १९६४ च्या शास्त्री–सिरिमावो कराराने श्रीलंकेच्या मळ्यांत राबणाऱ्या सव्वापाच लाख तमिळांचा भार पत्करला. त्यांना तेथे नेले इंग्रजांनी. देणे स्वीकारले गरीब भारताने!

म्हणूनच ब्रिटनमधील ताज्या घडामोडींकडे आम्ही साशंकतेने पाहतो. २०२२ मध्ये वृद्धांच्या शुश्रूषेसाठी माणसे हवीत म्हणून परदेशी सेवकांना बोलाविले. जुलै २०२५ मध्ये परदेशातून होणारी ती भरती बंद केली. कायम वास्तव्यासाठीची पाच वर्षांची मुदत सर्वसाधारणपणे दहा वर्षे करण्याचा मनोदय मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत जाहीर झाला. नव्याने येणाऱ्यांसाठी अटी खुशाल कडक करा, तो तुमचा अधिकार आहे. परंतु पाच वर्षांच्या भरवशावर घरदार सोडून आलेल्यांना अर्ध्या वाटेत दहाचा आकडा दाखवाल, तर १९६८ च्या पापाची ती नवी आवृत्ती ठरेल. आज लंडन किंवा लीड्सच्या शुश्रूषागृहात रात्रपाळी करणारी सांगलीची वा कोट्टायमची मुलगी उद्या ‘कागद दाखवा’च्या रांगेत उभी राहावी काय?

दार कोणासाठी उघडावे हे प्रत्येक राष्ट्राने ठरवावे. पण दिलेले वचन मोडण्याचा अधिकार कोणत्याही सार्वभौमत्वात मोडत नाही. ज्या राष्ट्राला इतिहासाचा अभिमान मिरवावयाचा आहे, त्याने इतिहासाचे देणेही चुकविले पाहिजे!