निरोप कुणाचा, पूर कुणाला?



पिढ्यान्‌पिढ्या गावाचा निरोप आमच्या बापजाद्यांनी वाहिला. गावात कुणी मेलं, धाव महारा, परगावी सांग. नदीला पाणी असो की मध्यरात्र, काठी घेऊन तो धावला. हातावर पडला शिळा तुकडा. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात या वतनी वेठीविरुद्ध बिल आणलं.

आता निरोप मोबाईलवर फिरतो. आणि आमच्यापर्यंतच येत नाही.

सप्टेंबर २०२५. मराठवाडा पाण्यात. आमच्या सेलू तालुक्यात ब्रह्मवाकडीला निम्न दुधनेचं धरण आहे. पाणी सोडणार, काठच्यांनी हला, हा मेसेज या ग्रुपवरून त्या ग्रुपवर पळत होता. मी रात्री नदीकाठच्या मावशीला फोन लावला. ती म्हणाली, "कसला मेसेज रं? माझा बटनाचा फोन. गावाचा गुरूप हाय म्हणं, पर त्यात आमी न्हाई."

तिनं आरडून वस्ती उठवली.

म्हणजे गावकुस पडलं नाही, फोनात शिरलं. ॲडमिन कोण? पाणवठ्यावर ज्याचा हुकूम चालायचा, त्याचाच नातू!

आणि दिसतं काय? २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात बोटीत बसून हसणारा मंत्री अख्ख्या देशानं पाहिला. बुडालेल्या सोयाबीनचा फोटो निघतो. बुडालेल्या मजुरीचा निघत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पिकाची मदत हेक्टरवर. ज्याला सातबाराच नाही, त्यानं काय मोजायचं?

फोनला शिव्या देऊन भागणार नाही. २०१८ साली केरळात फोनवरच्या लोकेशनवरून अडकलेली माणसं सापडली, आणि कोळ्यांनी स्वतःच्या होड्या घालून ती बाहेर काढली. हत्यार चांगलंय. ते हातात घ्या.

पुढच्या पावसाळ्याआधी प्रत्येक वस्तीत दोन पोरं, दोन पोरी ठरवा. बटनाच्या फोनांचे नंबर वहीत लिहा. त्यांना मेसेज नको, थेट फोन. विहाराचा भोंगा चालू आहे का बघा. तारीख, वेळ, सांगणाऱ्याचं नाव नसलेला मेसेज पुढं पाठवू नका. जुन्या पुराचा व्हिडिओ आजचा म्हणून फिरला की खऱ्या हाकेवरही कुणी उठत नाही. आणि तहसीलवर जाऊन लेखी विचारा : पाणी सोडण्याआधी आमच्या वस्तीत कोण येऊन सांगणार?

निरोप वाहायची वेठ आम्ही फेकली. निरोप मिळायचा हक्क सोडणार नाही. पाणी उंबऱ्याला लागल्यावर 'आम्हाला ग्रुपात घ्या' म्हणून कुणाच्या पाया पडायचं नाही.

जयभीम!