रंग ना रूप, तरी फुलपाखरूच!

झेंडूच्या वाफ्यावर सकाळच्या उन्हात एक लहानसे तपकिरी पाखरू येऊन बसते. ना रंग, ना रूप! ‘पतंग असेल,’ असे म्हणून घरातले कोणीतरी ते हाताने झटकून टाकते. पण तो पतंग नसतो. ते असते ‘स्किपर’ कुळातले फुलपाखरू.

त्याची ओळख सोपी आहे. शरीर जाडजूड, डोके रुंद आणि डोळे मोठे. इतर फुलपाखरांच्या मिशा टोकाला गदेसारख्या फुगीर असतात, तर स्किपरच्या मिशांचे टोक बहुधा आकडीसारखे वाकलेले असते. त्याचे उडणेही वेगळे. झटके देत, जणू उड्या मारतच ते फुलावरून फुलावर जाते. इंग्रजी नाव त्यावरूनच पडले. ऊन खाताना पुढचे पंख अर्धवट उभे आणि मागचे आडवे पसरलेले, ही गवतावर वाढणाऱ्या स्किपरांची खास बैठक.

खरी परीक्षा पुढे असते. भारतात सर्वत्र आढळणाऱ्या ‘राइस स्विफ्ट’ आणि ‘स्मॉल ब्रँडेड स्विफ्ट’ या दोन्ही जाती तपकिरी. दोघांच्याही पुढच्या पंखांवर पांढुरके, पारदर्शक ठिपके असतात. मात्र ‘ब्रँडेड’च्या नराच्या पुढच्या पंखावर एक तिरकी रेघ असते, ती राइस स्विफ्टला नसते. मादी ओळखायला मागच्या पंखाच्या खालचे ठिपके निरखावे लागतात. ब्रिगेडियर डब्ल्यू. एच. इव्हान्स या लष्करी अधिकाऱ्याने अशाच बारीक खुणा टिपत भारतीय फुलपाखरांच्या ओळखीवर 1927 मध्ये पुस्तक लिहिले आणि पुढे 1949 मध्ये स्किपरांची मोठी सूची प्रसिद्ध केली.

यांचे घर म्हणजे गवत. मादी गवताच्या किंवा भाताच्या पात्यावर एकेक अंडे घालते. हिरवी अळी रेशमी धाग्याने पात्याच्या कडा जोडून नळी करते आणि आत लपून राहते. भाताच्या खाचरात एखादे पाते असे गुंडाळलेले दिसले, म्हणून लगेच औषध फवारण्याची घाई नको. या अळ्यांवर वाढणाऱ्या लहान गांधीलमाश्या आपले काम करीतच असतात.

घराच्या बागेत मात्र गवत म्हणजे कचरा, असे समजून ते मुळापासून छाटले जाते. त्याबरोबर अंडी, अळ्या आणि कोषही जातात. मग झेंडू कितीही फुलला, तरी पुढच्या पिढीला वाढायला जागा कुठली? तेव्हा कुंपणालगत हातभर पट्टा न कापता राहू द्या. आणि पुढच्या वेळी तपकिरी पाहुणा आला, तर त्याला झटकण्याआधी त्याच्या मिशा पाहा.