सेयमिक, सभा आणि पाडा

सध्या एक पोलिश शब्द डोक्यात बसलाय: सेयमिक. 'सेयम' म्हणजे पोलंडच्या संसदेचं कनिष्ठ सभागृह. त्याला 'इक' लावलं की ते लहान होतं, आपल्याकडे लोट्याची लोटी होते तसं. म्हणजे प्रांताची छोटी सभा. 'सेयम'च्या मुळाशी 'एकत्र' आणि 'घेणे' असे दोन जुने स्लाविक तुकडे आहेत. आपली 'समिती' तरी काय? सम् अधिक इति, एकत्र येणं! गंमत म्हणजे, उन्हाळा संपताना करकोचे दक्षिणेला निघण्यापूर्वी शेतात गोळा होतात, त्यालाही पोलिश लोक सेयमिकच म्हणतात :)

१४५४ साली राजाला कबूल करावं लागलं, की सेयमिकांना विचारल्याशिवाय नवे कायदे होणार नाहीत. अर्थात हा मान फक्त उमरावांचा, कुळांना कोण विचारतो! पण एक पद्धत झकास होती. संसदेत पाठवलेला प्रतिनिधी परत आला की आपल्या सेयमिकसमोर हिशेब द्यायचा. आपल्याकडे असं कोणी येऊन सांगतं का हो?

आता चिंचपाड्याकडे येतो. पोलंडने १९९८ च्या कायद्याने प्रांत ४९ वरून १६ केले आणि प्रत्येकाला निवडून दिलेली सेयमिक दिली. त्याच वर्षी १ जुलैला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामसभा ही सगळी भारदस्त नावं. मला मात्र यातला गावाच्या नावातला 'पाडा' महत्त्वाचा वाटतो. नवापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, आणि १९९६ चा पेसा कायदा म्हणतो की आपला कारभार रूढीप्रमाणे चालवणारी वस्ती किंवा पाडाही 'गाव' ठरू शकतो. म्हणजे पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा! राज्याचे नियम यायला मात्र २०१४ उजाडलं. अठरा वर्षं. (आमच्याकडे एवढ्यात तीन सॉफ्टवेअर जन्मून मरतात.)

माझं म्हणणं एवढंच, की ही पाड्याची सभा मावचीत व्हावी. जिला 'इतिवृत्त', 'गणपूर्ती' हे शब्द परके आहेत, त्या आजीला जंगल, पाणी, गौण खनिज यावर पक्की मतं असतात. कायद्याने ती ऐकून घ्यायला हवीत. ग्रामसेवकाने इतिवृत्त खुशाल मराठीत लिहावं, पण अंगठा घेण्याआधी ते मावचीत वाचून दाखवावं. आणि आमदार-खासदारांनी अधिवेशन संपल्यावर एकदा पाड्यावर येऊन बसावं, पोलंडच्या त्या प्रतिनिधीसारखं. चिंचपाड्याला रेल्वे स्टेशन आहे, येण्याची अडचण नाही.