पीक कापणीचा प्रयोग आणि आपलें हित

गांवाचें पीक किती आलें, हा प्रश्न दिसावयास साधा आहे. परंतु त्याच्या उत्तरावर दुष्काळी सवलत व विम्याची भरपाई अवलंबून असल्यामुळें तें उत्तर कोणत्या रीतीनें मिळवितात हें प्रत्येक खातेदारानें समजून घेणें अवश्य आहे. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्याच्या दप्तरांत गेलें. त्या अनुभवावरून चार शब्द लिहीत आहे.

जुनी रीत नजरअंदाजाची. शिवारांतून फेरी मारून पिकाचे आणे ठरवीत. पुढें आणेवारीची पैसेवारी झाली, तरी हंगामांतील पहिली पैसेवारी अजून नजरेनेंच निघते. यांत दोष लबाडीचाच असतो असें नव्हे. रस्त्याकडेचें शेत आधीं दिसतें, बांधाआडचें दिसत नाहीं; आणि उभें पीक भरघोस दिसलें तरी कणसांत दाणा भरला आहे कीं नाहीं, हें डोळा सांगत नाहीं.

म्हणून कापून, मळून, तोलून पाहण्याची रीत निघाली. हबॅक यांनीं 1923 ते 1925 च्या सुमारास बिहार-ओरिसांत भातावर ती चालविली. पुढें बंगालांत महालनोबिस यांनीं व शेतकी संशोधनांत आपल्या सातारा जिल्ह्यांतील बुध गांवचे डॉ. सुखात्मे यांनीं तिला शास्त्राचें रूप दिलें. तुकडा फार लहान घेतल्यास कडेचीं रोपें आंत धरलीं जाऊन उत्पन्न फुगतें, हें सुखात्मे यांनीं दाखवून दिलें. आज ज्वारी-बाजरीसारख्या पिकांस बहुधा 10 मीटर लांब व 5 मीटर रुंद तुकडा घेतात.

या रीतीचा प्राण एकच: शेत कोणतें व तुकडा कोठें, हें कोणाच्याहि मर्जीवर नसावें. गटक्रमांक चिठ्ठीप्रमाणें निघतो. शेतांतील जागाहि तशाच आंकड्यानें पावलें मोजून ठरते. तेथें पीक विरळ असो वा दाट, तेंच कापावयाचें.

पण घडतें काय? कोणी अधिकाऱ्यास आर्जवानें खडकाळ कोपऱ्याकडे नेतो; कोठें उन्हाचा त्रास नको म्हणून बांधाजवळच दोरी धरतात. पहिल्यास वाटतें, उत्पन्न कमी लागलें तर भरपाई मिळेल. परंतु विम्याचें उंबरठा उत्पन्न मागील 7 वर्षांपैकीं उत्तम 5 वर्षांच्या सरासरीस जोखीमस्तरानें गुणून काढतात. आज खोटा लिहविलेला कमी आंकडा उद्यां तीच सरासरी खालीं ओढील, आणि खऱ्या दुष्काळांत आपलाच हात रिकामा राहील. फुगविलेला आंकडा तर त्याच वर्षीं नडतो. शिवाय तो एका शेताचा नसून साऱ्या मंडळाच्या हिशोबांत मिसळतो. एकाच्या चतुराईचें फळ शेंकडों घरें भोगतात.

उपग्रहावरून पीक पाहण्याची नवी विद्या आली आहे. पण तिचा अंदाजहि जमिनीवर तोललेल्या धान्याशींच पडताळावा लागतो.

यास्तव माझी सूचना अशी. निवडलेल्या शेताचा मालक व शेजारचे दोन शेतकरी कापणीच्या दिवशीं हजर राहावे. जागा बदलण्याचा आग्रह त्यांनीं धरूं नये, व दुसऱ्या कोणासहि ती बदलूं देऊं नये. तोल समक्ष व्हावा, ओलें व वाळलेलें असें दोन्ही वजन लिहून घ्यावें, आणि त्याची वही गांवोगांवच्या सभासदांनीं ठेवावी. पुढें तंटा उपस्थित झाल्यास नुसत्या तक्रारीपेक्षां अशी वही अधिक बोलेल.