थर्ड मॅनला पाठवलेला पोरगा

परवा ऑफिसात एक ट्रेनिंग झालं. दोन तासांचं. समोसे होते म्हणून गेलो (खोटं कशाला बोला). ट्रेनरसाहेबांनी जेमिमा रॉड्रिग्सची सेमीफायनलची क्लिप लावली आणि पुढच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात : 'चुका विसरा, स्वतःवर विश्वास ठेवा.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण घरी येताना पाम बीच रोडच्या सिग्नलला डोकं जे सटकलं, ते अजून जागेवर आलेलं नाही.

कारण मंडळी, ती मॅच आपल्या नेरुळची. 30 ऑक्टोबर 2025, डी. वाय. पाटील स्टेडियम. ऑस्ट्रेलियाने 338 ठोकल्या होत्या. जेमिमाने नाबाद 127 केल्या, हरमनप्रीतने 89, आणि 48.3 ओव्हरमध्ये पाच विकेट राखून आपण जिंकलो. इथपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. त्या स्लाइडवर जे नव्हतं ते सांगतो.

याच वर्ल्ड कपमध्ये जेमिमा दोनदा शून्यावर आउट झाली होती. इंग्लंडविरुद्ध तिला बाहेर बसवलं. सेमीफायनलनंतर माइक हातात घेऊन तिने स्वतःच सांगितलं, की स्पर्धेभर तिला अ‍ॅंग्झायटीचा त्रास होत होता, आईला फोन करून ती रडत होती, आणि संघातल्या मैत्रिणी तिला सांभाळत होत्या. आता सांगा, यात 'स्वतःवर विश्वास' कुठे दिसला? त्या दिवसांत तिच्याकडे तो फारसा नव्हताच. मग 127 कुठून आल्या?

माझं उत्तर साधं आहे. तिला पुढची मॅच मिळाली. तिला बसवलं तेव्हा कारण होतं, सहावा बोलर हवा होता. 'तुझ्यात दम नाही' असा शिक्का कोणी मारला नाही. 23 ऑक्टोबरला न्यूझीलंडविरुद्ध, याच मैदानावर, ती परत आली, तीही तिसऱ्या नंबरवर. नाबाद 76. सेमीफायनललाही तिसऱ्या नंबरवर तीच, आणि तेही तिला उतरायच्या पाच मिनिटं आधी कळलं. म्हणजे आधी भरवसा बाहेरून आला, आतला मागाहून. आपण मात्र पोरांना उलटं सांगतो : आधी आत्मविश्वास दाखव, मग संधी देतो. बँकेसारखं. ज्याच्याकडे पैसे आहेत त्यालाच कर्ज!

दुसरी गोष्ट त्या 'चुका विसरा'ची. आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाचं बघा. 19 ऑक्टोबर, इंदूर, इंग्लंडविरुद्ध. ती 88 वर खेळत होती, जिंकायला साठाच्या आत धावा हव्या होत्या. मोठा फटका मारायला गेली आणि झेल देऊन बसली. चार धावांनी हरलो, लागोपाठ तिसरी मॅच. ती पत्रकारांसमोर आली आणि पडझड माझ्यापासून सुरू झाली, फटक्याची निवड चुकली, असं सरळ बोलून मोकळी झाली. बास. फटका चुकला, एवढंच. 'मी मोठ्या मॅचची खेळाडू नाही' असलं काही नाही. चार दिवसांनी नेरुळला 109. तिने चूक विसरली नाही, तिने चुकीचं माप बरोबर घेतलं. आपण इंजिनिअर लोकांनी तरी हे ओळखायला हवं. बग कुठल्या ओळीत आहे ते सापडलं की माणूस शांत झोपतो. 'सगळी सिस्टिमच बेकार' म्हटलं की ना झोप, ना फिक्स.

आणि हो, त्या रात्री जेमिमाचे दोन झेल सुटले. 82 वर असताना खुद्द कॅप्टन आणि कीपर अलिसा हीलीकडून, शंभरीनंतर मॅग्राकडून. सात वेळा वर्ल्ड कप जिंकलेला संघ! हीलीला कोणी 'माइंडसेट' शिकवायला जाणार आहे का? 2 नोव्हेंबरच्या फायनलमध्ये अमनजोतच्या हातातून वोल्व्हार्टचा झेल निसटला, परत निसटला, आणि तिसऱ्या प्रयत्नात तिने तो एका हातात धरला. त्या क्षणी ती कुठलं सुविचाराचं पुस्तक आठवत होती असं मला वाटत नाही. बॉल अजून हवेत होता, एवढंच तिला दिसत होतं.

कोणी म्हणेल, अरे पण स्पर्धा आहे, किती चान्स देणार? बरोबर आहे. वर्ल्ड कप म्हणजे अनाथाश्रम नाही. बाहेर बसवा की! पण कारण सांगा आणि परतीची वाट दाखवा.

एवढं तावातावाने का बोलतोय? तर सांगतो. दोन वर्षांपूर्वी सानपाड्याला आमची ऑफिसची टेनिस बॉल टुर्नामेंट होती, कॅप्टन मी. टीममधल्या एका फ्रेशरने लाँग ऑनला सोपा झेल सोडला. मी त्याला थर्ड मॅनला पाठवला, जिथे बॉल येतच नाही. ठरलेली ओव्हरही दिली नाही. वर खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "टेन्शन नको घेऊ रे, विसरून जा." तो म्हणाला, "हो दादा."

पुढच्या महिन्यात त्याची एक क्वेरी प्रॉडक्शनवर गडबडली. रात्री दोनला रोलबॅक करावा लागला. मी ते मॉड्यूल त्याच्याकडून काढून घेतलं, अर्थात 'त्याच्यावर लोड नको' म्हणून. हळूहळू तो प्रत्येक छोटी गोष्ट विचारून करू लागला. मग नवीन टिकेट स्वतःहून उचलणंच बंद. वर्षाच्या शेवटी त्याच्या अप्रेझलमध्ये मी काय लिहिलं माहितेय? 'कॉन्फिडन्स कमी पडतो.'

च्यायला, कमी पडतो! काढून कोणी घेतला होता?

तो पोरगा नंतर कंपनी सोडून गेला. ट्रेनिंगमध्ये जेमिमासाठी टाळ्या वाजवताना मला तोच दिसत होता, थर्ड मॅनला एकटा, हात मागे बांधून.

तेव्हा कृपा करून ती स्लाइड खेळाडूंना दाखवू नका. कॅप्टन लोकांना दाखवा, आणि मजकूर बदला : झेल सुटला ना, मग पुढची ओव्हर त्यालाच टाकू द्या.

असो. पुढच्या महिन्यात परत टुर्नामेंट आहे, कॅप्टन परत मीच. झेल सुटणारच आहेत. मी काय करतो ते बघायचंय.