अपघात कुणाला म्हणता?



अणुकारखान्यात काही झालं की पेपरवाले छापतात 'अपघात'. म्हणजे कुणाचाच हात नाही. म्हणजे जाब विचारायचा नाही. आधी हा शब्दच तपासून घेऊ.

चेर्नोबिल सगळ्यांना पाठ आहे. तेचा नदी किती जणांना ठाऊक आहे?

रशियात उरलच्या डोंगरापलीकडे मायाक नावाचा कारखाना. 1949 साली सोव्हिएत युनियननं पहिला अणुबाँब फोडला, त्याचं प्लुटोनियम इथलं. बाँबची घाई होती. घाण टाकायची कुठं? नदी होती की! 1949 ते 1956 या काळात 7 कोटी 60 लाख घनमीटर किरणोत्सारी सांडपाणी तेचा नदीत सोडलं. खालच्या अंगाला 41 गावं, 28 हजार माणसं. तातार, बाश्कीर, गरीब रशियन शेतकरी. तेच पाणी पीत होते, गुरांना पाजत होते, भाजीला घालत होते. पोरं त्यातच डुंबत होती.

1951 ला डॉक्टरांना सगळं कळलं. मग सरकारनं काय केलं? काठावर काटेरी तार ठोकली, पहारे बसवले. पाण्याला हात लावायचा नाही. का? ते विचारायचं नाही. गुपित! काही गावं उठवली, काही तिथंच सडत ठेवली. मुसल्युमोवो हे तातार-बाश्कीरांचं गाव उठवायला घेतलं 2006 नंतर. आणि नवं गाव बसवलं कुठं? जुन्यापासून दोनएक किलोमीटरवर.

कळलं 1951 ला. गाव हललं 55 वर्षांनी. ह्याला अपघात म्हणता?

ह्या पाण्यात स्ट्रॉन्शियम-90 होतं. शरीर त्याला कॅल्शियम समजतं आणि हाडात, दातात नेऊन ठेवतं. त्याचं जहर निम्मं व्हायला 29 वर्षं लागतात. जिथं रक्त तयार होतं त्या मगजालाच ते आतून भाजत राहतं. हाडं ठणकतात, चक्कर येते, अंगात त्राण राहत नाही, पांढऱ्या पेशी घटतात. ह्या काठावरच्या 940 माणसांना डॉक्टरांनी रेडिएशनचा जुनाट आजार ठरवला. कागदावर. ज्याचं शरीर, त्याला मात्र सांगायची बंदी. रक्त काढून घ्यायचं, वहीत लिहायचं, घरी धाडायचं.

29 सप्टेंबर 1957 ला त्याच कारखान्यात घाणीच्या टाकीचं थंड करायचं यंत्र बंद पडलं आणि टाकी उडाली. 2 कोटी क्युरी किरणोत्सार बाहेर पडला. त्यातला 20 लाख क्युरीचा ढग गावांवरून गेला. सगळ्यात जवळची तीन गावं उठवायलाच आठ-दहा दिवस लागले. पुढच्या दीडएक वर्षात दहा हजारांवर माणसं हलवली. जाहीर कबुली 1989 ला! मधल्या काळात अमेरिकेच्या सीआयएला पत्ता होता, तीही गप्प. झोरेस मेदवेदेवनं 1976 साली इंग्लंडमधून हे लिहिलं, तर ब्रिटनच्या अणुखात्याच्या साहेबानं ते थोतांड म्हणून उडवून लावलं. तोफा एकमेकांवर, पण गुपित सगळ्यांचं एकच.

आमचे लाल भाई म्हणायचे, कामगारांच्या राज्यात असं होत नसतं. झालं, भाई! आणि डॉलरच्या राज्यातही झालं. 28 मार्च 1979, थ्री माइल आयलंड. चार दिवसांत राष्ट्राध्यक्ष कार्टर हजर. 16 जुलै 1979, चर्च रॉक. युरेनियमच्या गिरणीचा बांध फुटला, 35 कोटी लिटर किरणोत्सारी पाणी पुएर्को नदीत. काठावर नावाहो आदिवासी, त्यांच्या मेंढ्या, त्यांची पोरं. नावाहोंनी मागणी केली, आपत्ती जाहीर करा. गव्हर्नरनं नकार दिला. त्या गावाचं नाव तुम्ही आज पहिल्यांदा ऐकलंत ना? मग समजा.

आता विद्वान म्हणतील, पुरावा काय? कॅन्सर तर कुणालाही होतो. बरोबर आहे. आपण खोटं बोलायचं नाही. तेचाकाठच्या सुमारे 30 हजार माणसांचा 2005 साली छापलेला हिशेब असा : जितका डोस जास्त, तितके कॅन्सर जास्त. गाठीच्या कॅन्सरनं मेलेल्यांत शंभरातले अडीच रेडिएशनचे. पण एक प्रकार सोडून बाकी रक्ताच्या कॅन्सरनं मेलेल्यांत निम्म्याहून जास्त.

अडीच म्हणजे किरकोळ? मग त्या अडीचांत तुमचा बाप धरा, आणि बोला.

आणि हा आकडा तरी कशामुळं निघाला? पन्नास वर्षं वही ठेवली म्हणून. जिथं वहीच ठेवली नाही तिथं पुरावा कुठून येणार? वही त्यांच्या कपाटात, कुलूप त्यांचं, किल्ली त्यांची, आणि सिद्ध करायचं ओझं मात्र आजारी माणसाच्या डोक्यावर! हे चालणार नाही. माझ्या रक्ताची नोंद मला दाखवा. निदान मला सांगा. आणि घाण ज्यानं सोडली, त्यानंच सिद्ध करावं की पाणी स्वच्छ होतं.

तेव्हा पोरांनो, पुन्हा पेपरात 'अपघात' वाचलात तर पान उलटू नका. विचारा : कळलं कधी? सांगितलं कधी? उठवलं कधी? आणि ह्या तीन तारखांच्या मधे जे मेले ते कोण होते?